लंडनच्या सरकारी कॉलेजातली पोरं ऑक्सफर्ड-केंब्रिजला जातात. आपल्याकडे पोरीला अकरावीला कुठं टाकू?

कपाशीवाला_पारोळा

नमस्कार मंडळी. पारोळ्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे, घरची थोडी कपाशी आणि मका. मोठी मुलगी दहावीला ९३ टक्क्यांनी पास झाली, सेमी इंग्रजीतून. गणित-विज्ञान तिच्या जिव्हाळ्याचं. डॉक्टर-इंजिनियर असं तिनं अजून काही ठरवलेलं नाही. तिला हवामानाचं वेड आहे. दुकानाच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवून घेतलाय, पावसाळ्यात रोज सकाळी किती मिलिमीटर झाला ते वहीत लिहिते. शेतकरी बी-बियाणं घ्यायला आले की तिलाच विचारतात, "बेटा, परवा किती पडला?"

आता मूळ विषय. माझा आतेभाऊ बऱ्याच वर्षांपासून लंडनला आहे. त्याच्या मुलाला तिकडच्या एका सरकारी सिक्स्थ फॉर्म कॉलेजात प्रवेश मिळाला. म्हणजे आपलं अकरावी-बारावी. फी नाही, पण प्रवेश गुण पाहून आणि मुलाखत घेऊन. आतेभाऊ सांगतो, त्या कॉलेजातून दरवर्षी कितीतरी मुलं ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि मेडिकलला जातात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचे आई-बाप टॅक्सी चालवतात, दवाखान्यात साफसफाई करतात. हे ऐकल्यापासून मी तेच डोक्यात घेऊन बसलोय. सरकारी असून असं होतं तर नेमकं काय करतात ते लोक? आणि आपल्या खान्देशात त्याच्या जवळपास जाणारं काही आहे का?

पाहुण्यांचा सगळा जोर लातूरवर आहे. कुणी कोटा म्हणतं. जळगावात क्लास लावून नावापुरतं कॉलेज करायचं, असंही सांगणारे आहेत. आमच्या मायचं म्हणणं, "पोर शिकनी पाहिजे, पन घर सोडीसन नको." अकरावीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये पसंतीक्रम भरायचे आहेत. ज्यांनी पोरं शिकवली आहेत त्यांनी मोकळेपणानं सांगा.

भुसावळ_जंक्शन

भाऊ, लातूरच. माझा पुतण्या तिथून नीट देऊन एमबीबीएसला लागला. सकाळपासून रात्रीपर्यंत अभ्यास, दर आठवड्याला परीक्षा, आजूबाजूला सगळी त्याच वाटेवरची पोरं. घरी राहून ती शिस्त लागत नाही. पैसा लागतो हे खरं, पण पोरगी हुशार आहे तर मागं पाहू नका.

एरंडोलची_लेक_पूर्व_लंडन

दादा, मी मूळची एरंडोलची, आता न्यूहॅममध्ये राहते. माझा धाकटा अशाच एका कॉलेजात शिकला, म्हणून जवळून पाहिलेलं सांगते.

इथं मुलं सोळाव्या वर्षी जीसीएसईची परीक्षा देतात, आपल्या दहावीच्या ठिकाणी. श्रेणी ९ पासून १ पर्यंत, ९ सगळ्यात वरची. पुढची दोन वर्षं सिक्स्थ फॉर्म आणि शेवटी ए-लेव्हल. विषय बहुधा तीनच, फार तर चार. माझ्या मुलानं गणित, फर्दर मॅथ्स (म्हणजे वरच्या पातळीचं गणित) आणि भौतिकशास्त्र घेतलं. दोन वर्षं तेवढ्यातच खोल उतरायचं. सरकारी पैशावर चालतात म्हणून फी नसते, पण नावाजलेल्या कॉलेजांकडे जागांपेक्षा अर्ज फार, त्यामुळे जीसीएसईच्या श्रेणी बघून निवड होते. आमच्याच भागात ईस्ट हॅमला ब्रॅम्प्टन मॅनर नावाची सरकारी शाळा आहे. २०२१ मध्ये तिथल्या ५५ मुलांना ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या ऑफर आल्या. त्याच वर्षी ईटनला ४८ आल्या, आणि ईटन म्हणजे राजपुत्र आणि पंतप्रधान जिथं शिकले ती भरमसाट फीची शाळा. स्ट्रॅटफर्डला लंडन अकॅडमी ऑफ एक्सलन्स २०१२ मध्ये निघालं, तेही सरकारी आणि तेही निवडक. न्यूहॅम हा लंडनमधला श्रीमंतांचा भाग नाही, इथं बांगलादेशी, आफ्रिकी, तमिळ, गुजराती, सगळी कष्टकरी घरं. त्यामुळे ती बातमी आली तेव्हा माझ्यासारख्या आयांना फार बळ आलं.

ते लोक नेमकं काय करतात, हे तुम्ही विचारलंत. माझ्या मुलाचं सांगते. पहिल्याच वर्षी शिक्षकांनी बसवून विचारलं, पुढं काय शिकायचं मनात आहे. तो म्हणाला इंजिनियरिंग. लगेच वाचायची पुस्तकं, सोडवायचे प्रश्न, ऐकायची व्याख्यानं यांची यादी हातात. मोकळा तास असला तरी अभ्यासिकेत बसायचं, तिथंही हजेरी. इथं विद्यापीठांचे अर्ज यूकास नावाच्या एकाच ठिकाणी जातात. पाचच पर्याय देता येतात, आणि ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज यांतलं एकच. या दोन विद्यापीठांची आणि मेडिकलची शेवटची तारीख १५ ऑक्टोबर, बाकीच्यांची जानेवारीत. म्हणजे शेवटच्या वर्षाचे वर्ग सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की अर्ज पुरा. सोबत कॉलेजचं शिफारसपत्र आणि शिक्षकांनी ठरवलेल्या अंदाजित श्रेणी लागतात. ज्या कॉलेजला हे नीट करता येतं तिथल्या पोराला केवढा आधार!

डिसेंबरात मुलाखत झाली. प्राध्यापकांनी त्याला कधी न पाहिलेल्या एका समीकरणाचा आलेख काढायला सांगितला. अडला तिथं त्यांनी थोडा इशारा दिला आणि तो पुढं कसा सरकतो ते पाहिलं. त्याची भीती मोडली होती, कारण त्याच्या शिक्षकांनी आणि आदल्या वर्षी केंब्रिजला गेलेल्या मुलामुलींनी त्याच्या सराव मुलाखती घेतल्या होत्या. आम्हा नवरा-बायकोला यातलं काहीही माहीत नव्हतं. ऑफर आली ती ए-लेव्हलच्या तीन विषयांत 'ए-स्टार, ए-स्टार, ए' मिळवण्याच्या अटीवर (ए-स्टार ही सगळ्यात वरची श्रेणी), आणि ऑगस्टात निकाल लागेपर्यंत घरात कुणाचा जीव थाऱ्यावर नव्हता. मिळाले.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. अशा शाळेत अकरा वर्षांची असल्यापासून शिकलेल्या सगळ्या मुलांना तिच्याच सिक्स्थ फॉर्ममध्ये जागा मिळत नाही. बाहेरून जास्त श्रेणीची मुलं येतात, घरची मुलं बाहेर जातात. २०१७ मध्ये लंडनच्या एका निवडक शाळेनं पहिल्या वर्षी गुण कमी पडलेल्या मुलांना दुसऱ्या वर्षाला घ्यायचं नाकारलं. पालक कोर्टात गेले आणि शाळेला माघार घ्यावी लागली. निकालाचे मोठे आकडे बघताना ही पोरंही डोळ्यांपुढे ठेवा. माझी मोठी मुलगी साध्या, सगळ्यांना घेणाऱ्या कॉलेजात शिकली, आज फार्मासिस्ट आहे, आणि मला दोघांचा सारखाच अभिमान आहे.

एक खुलासा, कारण गावाकडून फोन येतात: इथं न राहणाऱ्या मुलाला नुसतं शिकायला पाठवून अशा सरकारी शाळेत फुकट घालता येत नाही. तो नाद कुणी करू नका.

फिजिक्स_अमळनेर

कपाशीवाले भाऊ, मी अमळनेरला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. ताईंनी जे लिहिलंय ते मी दोनदा वाचलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे, फक्त ते आपल्या मातीत आणून बघायला हवं.

आधी निकालाचं. जे कॉलेज दारातच ९५ टक्क्यांच्या वरची पोरं उचलतं, त्याचा बारावीचा निकाल चांगला लागणारच. त्यात कॉलेजनं काय भर घातली हा खरा प्रश्न. इंग्लंडात त्यासाठी एक माप आहे: जीसीएसईला साधारण सारख्याच श्रेणी मिळवलेल्या देशभरातल्या मुलांशी तुलना करून त्या कॉलेजात ती किती पुढं सरकली ते काढतात. आपल्याकडे असं माप नाही, म्हणून ते पालकानं विचारून काढावं लागतं. लातूर असो, जळगाव असो, क्लासच्या ऑफिसात बसलात की एवढंच विचारा: गेल्या खेपेला दहावीला ९० ते ९५ च्या दरम्यानची किती पोरं घेतली, त्यांतली किती बारावीपर्यंत टिकली, आणि त्या टिकलेल्यांना काय मिळालं? पहिल्या दहांचे फोटो दाखवायला लागले तर परत तोच प्रश्न विचारा. एकाच पोराचा फोटो तीन-तीन क्लासच्या फ्लेक्सवर आपण सगळ्यांनी पाहिलाय. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं क्लासवाल्यांसाठी नियम काढले: निकालानंतर विद्यार्थ्याची लेखी परवानगी घेतल्याशिवाय त्याचा फोटो वापरायचा नाही, आणि त्यानं नेमका कोणता कोर्स किती काळ केला हे जाहिरातीतच सांगायचं. नुसती टेस्ट सिरीज लावलेलं पोर, ते न सांगता, 'आमचा विद्यार्थी' म्हणून मिरवता येत नाही. हा नियम तुमच्या हातात आहे, वापरा.

भुसावळच्या भाऊंचं मी खोडून काढत नाही. लातूरला शिस्त आहे, आणि नीट द्यायचीच असं पक्कं ठरलेल्या, घरापासून लांब राहू शकणाऱ्या पोराला तिथं फायदा होतो. तुमच्या मुलीचं तसं ठरलेलं नाही. सोळाव्या वर्षी तिला फक्त नीट किंवा फक्त जेईईच्या रुळावर ठेवली तर ती पावसाची वही मिटेल, आणि मला त्या वहीची काळजी वाटते.

आता मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट. ताई सांगतात, त्यांच्या मुलाला पहिल्या वर्षी बसवून विचारलं, पुढं काय शिकायचंय, आणि तिथून दोन वर्षांचं वेळापत्रक लागलं. आपल्याकडे हे कोण विचारतं? बारावी सायन्सच्या पोराला तीन नावं माहीत असतात: नीट, जेईई, सीईटी. ती हुकली की बीएस्सी, तेही नाइलाजानं. मी शिकवत असताना स्टाफरूमबाहेरच्या भिंतीवर एक मोठा तक्ता लावायचो. कोणती परीक्षा, फॉर्म कधी निघतो, कधी बंद होतो, कागद कोणते. आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांची आयएटी, भुवनेश्वरच्या नायझर या विज्ञान संस्थेसाठी नेस्ट, कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, चेन्नईची गणित संस्था, वकिलीसाठी क्लॅट, आर्किटेक्चरसाठी नाटा, एनडीए. २०२२ पासून त्यात सीयूईटीची, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेची भर पडली, दिल्ली विद्यापीठ आणि बनारसला जायचं तर तीच वाट. यांतले बरेच फॉर्म डिसेंबर ते एप्रिल या काळात भरायचे असतात, आणि नेमकी तेव्हाच आपली पोरं प्रॅक्टिकल, सबमिशन आणि बोर्डाच्या पेपरांत बुडालेली असतात. बोर्ड संपवून मान वर करेपर्यंत अर्धी दारं बंद झालेली.

यावल तालुक्यातला एक मुलगा होता. बाप केळीच्या गाड्या भरायचा. मुलगा गणितात असा की मी फळ्यावर एक रीत दाखवली की हा दुसरी घेऊन यायचा. जेईईत त्याचं जमलं नाही, क्लास नव्हता, वेगाचा सराव नव्हता. पण सांख्यिकी संस्थेच्या परीक्षेत विचार करून सिद्ध करायचे प्रश्न असतात, आणि तो त्याचा प्रांत. मार्च महिन्यात मी त्याला सायबर कॅफेत बसवून फॉर्म भरून घेतला, सराव म्हणून जुने पेपर छापून दिले. आज तो कोलकात्यात शिकून नोकरीला लागलाय, घरी पैसे पाठवतो, धाकट्या बहिणीला शिकवतो. त्याच वर्गात त्याच्या तोडीची एक मुलगी होती. तिच्या घरच्यांनी परराज्यात पाठवायला नकार दिला, आणि घरी जाऊन समजावणारा मी एकटाच होतो. तिथं माझ्याबरोबर एखादी त्या वाटेनं गेलेली मोठी मुलगी असती तर फरक पडला असता, असं मला आजही वाटतं. लंडनच्या कॉलेजात आदल्या वर्षीची पोरं परत येऊन मुलाखतीचा सराव घेतात, ते मला त्या सगळ्या वर्णनात सर्वांत मोलाचं वाटलं. त्याला पैसा लागत नाही. आपल्या प्रत्येक तालुक्याच्या कॉलेजात ते उद्यापासून होऊ शकतं.

म्हणून कॉलेज निवडताना इमारत आणि फ्लेक्स बाजूला ठेवा आणि दोन गोष्टी बघा. वर्ग खरंच भरतात का? 'हजेरीचं आम्ही बघून घेऊ, तुम्ही फक्त क्लास करा' असं जिथं सांगतात तिथं घालू नका. भौतिकशास्त्राच्या १०० पैकी ३० गुण प्रॅक्टिकलचे असतात. ते सगळीकडे वाटले जातात हे सगळ्यांना माहीत आहे, पण ज्या मुलीला हवामान शिकायचंय तिनं दोन वर्षं प्रयोगशाळेचं दारच पाहिलं नाही तर कसं चालेल? आणि दुसरं, तिथं एक तरी शिक्षक असा आहे का, की जो पोरांना नावानं ओळखतो आणि त्यांच्या फॉर्मच्या तारखा लक्षात ठेवतो? शिपायाला विचारा, बाहेर पडणाऱ्या पोरींना विचारा, खरं कळतं.

कपाशीवाला_पारोळा

सर, तुमचं सगळं मुलीला वाचून दाखवलं. 'आयसर' हे नाव तिनं पहिल्यांदा ऐकलं, लगेच मोबाइलवर शोधत बसली. ताई, तुमचेही फार उपकार. सर, अमळनेर आमच्याकडून बसनं जाऊन-येऊन होण्यासारखं आहे. मायच्या मनासारखंही होईल. पण नुसतं कॉलेज करून त्या परीक्षांची तयारी कशी होणार? आणि नवोदयला अकरावीला जागा असतात असं कुणीतरी म्हणालं, त्याचं काय?

सातपुड्याचा_पोऱ्या

काका, मी धडगाव तालुक्यातला, नवोदयचा, सध्या आयसरला शिकतो. म्हणून नवोदयचं मी सांगतो. केंद्राच्या निवासी शाळांची ही योजना १९८६ च्या शैक्षणिक धोरणातली. पहिल्या दोन शाळांपैकी एक आपल्या अमरावतीला निघाली. मुख्य प्रवेश सहावीला, परीक्षेनं, एका शाळेत ८० जागा, त्यांतल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांना आणि एक तृतीयांश मुलींना. राहणं, जेवण, पुस्तकं फुकट. अकरावीला फक्त रिकाम्या राहिलेल्या जागा भरतात, त्यामुळे त्यावर विसंबून राहू नका, पण सूचना निघते का ते बघत राहा. धाकटं कुणी पाचवीत असेल तर मात्र सहावीची परीक्षा नक्की द्यायला लावा.

माझे आई-बाप दर हंगामाला ऊसतोडीला गुजरातेत जायचे. आयएटीचा फॉर्म मी भरला तो एका सीनियर दादानं होस्टेलवर फोन करून सांगितलं म्हणून. सर जे म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे. आता मी दरवर्षी मार्च लागला की माझ्या शाळेत आणि धडगावच्या कॉलेजात फोन करतो. तुमच्या मुलीला काही विचारायचं असेल तर या धाग्यावर विचारू दे, मी लिहीन. पुण्यात पाषाणला आयसर आणि उष्णदेशीय हवामान संस्था दोन्ही आहेत. बीएस्सी भौतिकशास्त्र करून पुढं हवामानशास्त्रात एमएस्सीही करता येते. एक वाट हुकली म्हणून विषय सुटत नाही, हे तिला सांगा.

फिजिक्स_अमळनेर

शाब्बास रे पोरा.

भाऊ, तयारीचं असं. आयसरच्या परीक्षेत भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र असे चारही विषय येतात, तेव्हा अकरावीला जीवशास्त्र सोडू नका. पाया एनसीईआरटीच्या पुस्तकांचा, ती सरकारी संकेतस्थळावर फुकट आहेत. इंग्रजी वाचनाची सवय पहिल्या महिन्यापासून, रोज दोन पानं का होईना. तुम्ही ओबीसी किंवा भटक्या-विमुक्तांत येत असाल तर महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेची जेईई-नीट-सीईटीची ऑनलाइन शिकवणी मोफत आहे, टॅबही देतात. दहावीच्या निकालानंतर अर्ज निघतो, तो चुकवू नका. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे. आणि पुढं इंजिनियरिंगसारख्या कोर्सला गेली आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं, तर २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसच्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. लातूरसाठी काढून ठेवलेल्या पैशातून तिला एक बरा संगणक घेऊन द्या.

पसंतीक्रम भरताना जपून. २०२५ पासून ऑनलाइन प्रवेश सगळ्या राज्याला लागू झालाय आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथं प्रवेश घ्यावाच लागतो, नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. तेव्हा कॉलेज डोळ्यांनी पाहून मगच एक नंबरला टाका. अमळनेरला येणार असाल त्या दिवशी मला इथं निरोप करा, मुलीला बरोबर आणा, पावसाची वहीही आणा. मी प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगतो.

आणि आरक्षणात असाल तर जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर हे आत्ताच काढायला टाका. जात वैधतेचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत जाऊ द्या. बारावीच्या निकालानंतर तहसीलला आणि समितीच्या ऑफिसात जी गर्दी उसळते, तिच्यात चांगल्या चांगल्या पोरांच्या जागा गेलेल्या आहेत.